कॅच-ऑल व्हर्च्युअल होस्ट

ब्राउझरच्या विनंतीतले होस्टनाव, म्हणजे संकेतस्थळाचे नाव, वेब सर्व्हरच्या यादीत नसले तरी तिला उत्तर देणारी मांडणी म्हणजे कॅच-ऑल किंवा डिफॉल्ट व्हर्च्युअल होस्ट. गिरगावातल्या चाळीचा पत्ता एकच असतो आणि पोस्टमन पाकिटावरचे नाव वाचून खोली शोधतो. तसाच एका आयपी पत्त्यावर नांदणाऱ्या अनेक संकेतस्थळांतून सर्व्हर ‘होस्ट’ हे हेडर, म्हणजे विनंतीतली संकेतस्थळाचे नाव सांगणारी ओळ, वाचून एक निवडतो. एचटीटीपी या वेबवरच्या देवाणघेवाणीच्या नियमावलीच्या १.० आवृत्तीत ते हेडर सक्तीचे नव्हते. जानेवारी १९९७ च्या आरएफसी २०६८ या इंटरनेटच्या नियम-दस्तऐवजाने एचटीटीपी १.१ साठी ते अनिवार्य केले.

नाव जुळले नाही म्हणून सर्व्हर आपणहून नकार देत नाही, ही बाब फार थोडे लोक ध्यानात घेतात. अपाची हा वेब सर्व्हर त्या पत्त्यासाठी व पोर्टसाठी (जोडणीच्या क्रमांकासाठी) मांडणीच्या फाइलीत सर्वांत आधी लिहिलेला व्हर्च्युअल होस्ट वापरतो. एनजिनएक्स हा दुसरा वेब सर्व्हर, कोणत्या पत्त्यावर व पोर्टवर ऐकायचे हे सांगणाऱ्या ‘लिसन’च्या ओळीत ‘डिफॉल्ट_सर्व्हर’ लिहिलेला ब्लॉक निवडतो, आणि ते कुठेच लिहिलेले नसेल तर पहिला. ब्लॉकचे होस्टनाव सांगणाऱ्या ‘सर्व्हर_नेम’पुढे टाकलेला अंडरस्कोर सगळी नावे पकडतो हा समज चुकीचा आहे, ते केवळ कधीही न जुळणारे अवैध नाव असते.

प्रत्येक ग्राहकाला स्वतंत्र सबडोमेन देणाऱ्या सेवेला ही मांडणी फार उपयोगी पडते, कारण डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून आयपी पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेत, एक वाइल्डकार्ड (सर्व सबडोमेनना लागू होणारी) नोंद केली की नव्या ग्राहकागणिक सर्व्हरला हात लावावा लागत नाही. एचटीटीपीएस या सुरक्षित जोडणीवर मात्र संकेतस्थळाची ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्राची मर्यादा येते: वाइल्डकार्ड प्रमाणपत्र सबडोमेनची एकच पातळी झाकते.

धोका वेगळाच आहे. ॲमेझॉनच्या २०१६ साली सुरू झालेल्या मुंबई रीजनमध्ये (तिथल्या डेटा सेंटरच्या समूहात), किंवा कुठल्याही क्लाउडवर, भाड्याने घेतलेल्या मशीनचा आयपी पत्ता पूर्वी दुसऱ्याचा असू शकतो. त्या माणसाने आपली डीएनएस नोंद काढली नसेल, तर त्याच्या डोमेनवर तुमचे संकेतस्थळ उघडते. त्याहून गंभीर म्हणजे पासवर्ड बदलण्याची लिंक ॲप्लिकेशन होस्ट हेडरवरून बनवत असेल, तर हल्लेखोर स्वतःचे नाव घुसवून वापरकर्त्याला आपल्याकडे वळवू शकतो. म्हणून लिंक बनवताना होस्ट हेडर कधीही ग्राह्य धरू नये. मूळ नाव सेटिंगमध्येच लिहून ठेवावे. सर्व नावांना उत्तर देण्याची खरोखर गरज नसेल तेथे डिफॉल्ट ब्लॉकने नकारच द्यावा: एनजिनएक्समध्ये ‘रिटर्न ४४४’ उत्तर न देता जोडणी तोडते, आणि आवृत्ती १.१९.४ पासून ‘एसएसएल_रिजेक्ट_हँडशेक’ प्रमाणपत्र न दाखवताच अनोळखी नावाला परतवते.