गावनिहाय आकडे वेगळे, गावाची माहिती वेगळी

समजा, गोव्यात मांडवीच्या नाहीतर शापोऱ्याच्या काठी एखाद्या गावात खाजनाचा, म्हणजे खाडीकाठच्या सखल भातशेतीचा, बांध ऐन उधाणाला फुटला. खारं पाणी आत शिरलं, भात गेलं, पुढची दोन वर्षं त्या शेतांत कुणी नांगर घातला नाही. तिसऱ्या वर्षी कृषी गणना आली. चाळीस शेतकऱ्यांना एकेक करून विचारलं आणि चाळिसांनीही 'पडीक' असं सांगितलं. उत्तर अगदी खरं. फॉर्मांची बेरीज झाली, गावाच्या नावापुढे पडीक क्षेत्राचा आकडा चढला. बांध मात्र त्या कागदांत कुठेच नाही. असणार कसा? तो कुणा एकाच्या शेतात नव्हता, आणि प्रश्न तर ज्याच्या त्याच्या शेताबद्दल विचारले होते.

'गावाची आकडेवारी' असं आपण सरसकट म्हणतो, पण त्या एका शब्दात दोन निराळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात. पहिली, गावनिहाय आकडे: एकेका शेतकऱ्याला विचारून मिळालेली उत्तरं गावाप्रमाणे एकत्र केलेली. दुसरी, गावाची म्हणून असलेली माहिती: बारमाही रस्ता आहे का, बाजाराला पोचायला किती वेळ लागतो, पाटाचं पाणी येतं का, खतं-बियाणं कुठे मिळतं, पूर किंवा खारं पाणी शिरण्याचा धोका आहे का. ही बेरजेने मिळत नाही, गावालाच विचारावी लागते. छापील तक्त्यात दोन्हींच्या डोक्यावर गावाचंच नाव असतं, म्हणून वाचणारा फसतो. लिहिणाराही फसतो, पण ते जाऊ दे.

आपल्याकडची कृषी गणना १९७०-७१ पासून साधारण दर पाच वर्षांनी होते. २०२१-२२ या संदर्भ वर्षाची गणना अकरावी, आणि तिच्यात पहिल्यांदाच स्मार्टफोन व टॅबवर माहिती भरली गेली. वर्ष धरायचं ते जुलै ते जून. ही गणना पहिल्या प्रकारातली. तिचं एकक आहे वहिती खातं. म्हणजे जी जमीन एक माणूस, एकटा किंवा इतरांसोबत, एक घटक म्हणून कसतो ती सगळी, मग मालकी कुणाचीही असो. २०१५-१६ च्या गणनेत देशभरात अशी सुमारे १४.६५ कोटी खाती निघाली. सरासरी क्षेत्र १.०८ हेक्टर, आणि ८६ टक्के खाती दोन हेक्टरांच्या आतली. पहिल्या टप्प्यात सगळ्या खात्यांची यादी होते. पीक, सिंचन वगैरे सविस्तर तपशील मात्र नमुन्यादाखल निवडलेल्या २० टक्के गावांतूनच घेतात. त्यामुळे 'आमच्या गावात वायंगण (रब्बीचं) भात किती?' याचं उत्तर कृषी गणनेत शोधायला गेलात आणि तुमचं गाव त्या २० टक्क्यांत नसलं, तर हात हलवत परत यावं लागेल.

'मालकी कुणाचीही असो' हे शब्द गोव्यात वाचायला सोपे, भरायला कठीण. आमच्या घरच्या एक-चौदाच्या (गोव्यातला सात-बारा) उताऱ्यावर अजून आजोबांचं नाव आहे. काका मुंबईला, आत्या सासरी, आणि शेत लावतो शेजारचा माणूस. दर वर्षी चतुर्थीच्या आधी तो दोन पोती तांदूळ आणून देतो. कागदावर काहीच नाही. आता गणनेसाठी खातं कुणाचं? शेजाऱ्याचं. काय पेरायचं, कधी कापायचं हे तोच ठरवतो. पण घरी येऊन कुणी विचारलं, 'तुमचं शेत कोण कसतं?' तर माझा काका पटकन म्हणेल, 'आम्हीच.' कूळ कायद्याची १९७६ सालची पाचवी दुरुस्ती, कसणाऱ्याला मालक करणारी, अजून लोकांच्या अंगात भिनलेली आहे. दुसऱ्याचं नाव एकदा सरकारी कागदावर चढलं की उद्या तो कूळ म्हणून उभा राहील, ही भीती. गणनेच्या फॉर्मने कुणी कूळ होत नाही, तो वेगळा विषय आहे, हे सांगून पाहा. ऐकतात, मान डोलावतात आणि पुन्हा 'आम्हीच' म्हणतात.

उलटा गोंधळही होतो. गोव्याच्या नागरी कायद्यामुळे नवरा-बायकोची मालमत्ता सहसा सामाईक, म्हणून उताऱ्यावर दोघांची नावं असतात. तो उतारा समोर ठेवून खातेदार ठरवला तर बाई आपोआप 'शेतकरी' होते, किंवा नाव दुसरं म्हणून आपोआप गळते. गणनेला हवं असतं ते, निर्णय कोण घेतं. २०१५-१६ मध्ये देशातली सुमारे १४ टक्के खाती बायकांच्या नावे नोंदली गेली. लावणीच्या दिवशी चिखलात वाकलेल्या पाठी मोजल्या तर हे प्रमाण फार निराळं निघेल, पण लावणी करणं आणि खातं चालवणं या गणनेच्या दृष्टीने दोन गोष्टी आहेत.

आता दुसरा प्रकार. जगभरच्या कृषी गणनांचा आराखडा संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि कृषी संघटना दर दहा वर्षांनी काढते. पहिली जागतिक फेरी १९३० ची, रोमच्या आंतरराष्ट्रीय कृषी संस्थेने घेतलेली. २०१० च्या फेरीसाठी जी मार्गदर्शिका २००५ साली आली, तिच्यात गावपातळीवरची (इंग्रजीत 'कम्युनिटी' पातळीवरची) माहिती हा स्वतंत्र भाग रीतसर मांडला गेला. कारण साधं आहे. गणनेचा माणूस गावात जातोच, मग जाता जाता गावाचा एक फॉर्मही भरून आणावा. शेकडो घरांना 'बाजार किती लांब?' विचारत बसण्यापेक्षा एकदाच विचारलेलं बरं. भारतात असा फॉर्म कृषी गणनेचा मुख्य भाग झालेला नाही. आपल्याकडे ती माहिती विखुरलेली आहे: जनगणनेच्या ग्राम निर्देशिकेत रस्ते, शाळा, बँका, लघुसिंचन गणनेत विहिरी आणि तळी, मिशन अंत्योदयच्या पाहणीत पंचायतीच्या सोयी. ज्याला शेतकरी आणि गाव एकत्र पाहायचं आहे त्याने हे जोडकाम आपलं आपणच करायचं.

गावाचा फॉर्म भरायची रीतही वेगळी. एका माणसाला विचारून चालत नाही. पंचायतीच्या दप्तरातून जे मिळेल ते घ्यायचं आणि बाकीच्यासाठी जाणती माणसं एकत्र बसवायची. अशा एका बैठकीत मी मागच्या बाकावर बसलो होतो. गणनेची नव्हती, पंचायतीच्याच कसल्याशा माहितीची होती. पहिला प्रश्न: जवळचा बाजार किती वेळावर? एक पंच म्हणाले, 'अर्धा तास.' पाठीमागून एक बाई म्हणाली, 'तुमच्या गाडीने.' ती डोक्यावर भाजी घेऊन म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला जाणारी. पहाटेची बस चुकली की तिचा अर्धा तास दोन तासांचा होतो, आणि पावसात साकवावरून पाणी गेलं की बाजारच चुकतो. मार्गदर्शिकेत किलोमीटर न विचारता प्रवासाचा वेळ विचारायला सांगितलंय, तोही ऋतूप्रमाणे, ते का, हे मला त्या दिवशी कळलं. सचिवांनी लिहिलं मात्र 'अर्धा तास.' पंच आधी बोलले होते ना.

हा गावाच्या फॉर्मचा जुना रोग. जो आधी बोलतो, मोठ्याने बोलतो, त्याचा अनुभव गावाचा अनुभव होऊन बसतो. शेतकऱ्याच्या फॉर्ममध्ये माणूस स्वतःबद्दल लपवतो, गावाच्या फॉर्ममध्ये दुसऱ्यांबद्दल ठोकून देतो. पण त्याच बैठकीत एक गंमत झाली. कुणीतरी सहज विचारलं, तोंडी बोलीवर दुसऱ्याचं शेत लावणारे गावात किती असतील? लगेच उत्तरं यायला लागली. 'अर्धं खाजन तसंच आहे.' 'अर्ध्याहून जास्त.' माझ्या काकाने घरी जे कधीच सांगितलं नसतं ते इथे पाच मिनिटांत बाहेर आलं, कारण कुणाचं नाव घ्यायचं नव्हतं. नेमका आकडा नाही मिळाला, पण गणनेच्या तक्त्यात 'स्वतःची जमीन स्वतः कसणारे' जवळजवळ सगळेच का दिसतात, याचा उलगडा झाला.

पाण्याचं उदाहरण घ्या, दोन्हींतला फरक तिथे स्वच्छ दिसतो. तिळारीचा कालवा पेडण्यात, डिचोलीत, बार्देशात फिरतो. एखाद्या गावातून तो गेला तर गावाच्या फॉर्ममध्ये 'कालव्याचं पाणी: आहे.' पण शेवटच्या टोकाच्या शेतात ते पोचतं का, हे शेतकऱ्यालाच विचारावं लागेल. 'गावाला पाणी आहे' यावरून 'गावातल्या शेतकऱ्यांना पाणी आहे' असं म्हणता येत नाही. उलट कुळागरात पाहा. झऱ्याच्या पाण्यावर पोफळी, माड, केळी उभ्या. शेतकऱ्याच्या फॉर्ममध्ये 'ओलिताखाली' एवढंच येईल. वरच्या बागेतून खालच्या बागेत पाणी कोणत्या वाराला सोडायचं, पाळी कुणाची, ही व्यवस्था ज्याच्या त्याच्या फॉर्ममधून दिसणारच नाही. तिची नोंद गावानेच द्यायची.

खाजनाबद्दल तर सांगावं तितकं थोडं. भरती आली की मानशीचं, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या वाटेचं, दार पाण्याच्या दाबानेच बंद होतं, ओहोटीला आतलं पाणी ते उघडून बाहेर जातं. बांध मातीचा, त्याची डागडुजी दर वर्षी. मानशीवरच्या मासळीचा लिलाव होतो, तो करतात कूळ संघटना, आणि त्या पैशातून बांध सांभाळावा अशी अपेक्षा. आता हे शेतकऱ्याच्या फॉर्ममध्ये कुठे बसवणार? त्याच्याकडे कोरगूट (खाऱ्या जमिनीतलं भात) किती, हे येईल. यंदा लिलाव झाला की नाही, फळी कुजलेली आहे की बदलली, मासळीच्या लोभाने खारं पाणी जास्त वेळ आत ठेवलं गेलं की काय, हे सगळं गावाचं. आणि भाताचं काय होणार ते ठरतं इथेच.

गोव्यापुरती आणखी एक गल्लत आहे. इंग्रजीतला 'कम्युनिटी' शब्द कानावर पडला की आपल्याला कोमुनिदाद आठवते. कोमुनिदाद म्हणजे गाव नव्हे. ती सामाईक जमीन सांभाळणारी गावकरांची संस्था, तिची स्वतःची संहिता १९६१ सालची, आणि तिचे गावकर पिढीजात. त्यातले कित्येक आज गावात राहतही नाहीत, आणि गावात राहणारे कित्येक तिच्यात नाहीत. गणनेच्या भाषेत कोमुनिदाद स्वतः शेती करत असेल तर ते संस्थात्मक खातं, आणि तिची जमीन कुणी दुसरा कसत असेल तर खातं त्या कसणाऱ्याचं. म्हणजे ती गणनेत आलीच तर शेतकऱ्याच्या बाजूला येते, गावाच्या बाजूला नाही. कोमुनिदादीच्या अध्यक्षाकडून गावाचा फॉर्म भरून घेणं म्हणजे एका मोठ्या भाटकाराला (जमीनदाराला) गावाबद्दल विचारणं. बोलवावं जरूर, त्याच्याकडे जुने नकाशे असतात. पण सोबत कूळ, मानशीवरचा माणूस, स्वयंसाहाय्य गटातली कुणी, शेती खात्याच्या विभागीय कार्यालयातला साहाय्यक, अशी माणसं हवीत.

मग गाव म्हणजे काय धरायचं? महसुली गावाची हद्द एक, पंचायतीची दुसरी, कोमुनिदादीची तिसरी, आणि लोक स्वतःला समजतात ते वाड्याचे. राज्यात पंचायती १९१, पण एकेका पंचायतीत दोन-चार महसुली गावंही असतात. 'गावात बस येते का?' याचं उत्तर एका वाड्यासाठी हो, डोंगराकडच्या वाड्यासाठी नाही. शेतकऱ्यांचे आकडे महसुली गावाप्रमाणे आणि सोयींची माहिती पंचायतीप्रमाणे गोळा केली, तर दोन्ही नीट असूनही एकमेकांना जोडता येत नाहीत. त्यात माणूस राहतो एका गावात, शेत दुसऱ्यात. त्याच्या घरापासून बाजार जवळ असेल, शेताला मात्र रस्ताच नाही. कुठल्या गावाची माहिती त्याला चिकटवायची, हे आधीच ठरवलेलं बरं. दोन्ही एका सांकेतिक क्रमांकाने जोडता आली, तर 'बांध फुटलेल्या गावांत पडीक किती, धड बांधाच्या गावांत किती' असा प्रश्न विचारता येतो. उलट दिशेने जाता येत नाही, म्हणजे गावाच्या एका 'हो'चे चाळीस तुकडे करून चाळीस शेतकऱ्यांना वाटता येत नाहीत.

तुमच्याकडे गणनेचा माणूस आला तर कृषी कार्ड आणि उतारा हाताशी ठेवा, पण उत्तर द्या ते यंदा नांगर कुणी घातला याचं. आणि पंचायतीत गावाबद्दल विचारायला बोलावलं तर तुम्ही एकटे जाऊ नका. मी बसलो होतो त्या बैठकीत शेवटचा प्रश्न होता, गावचा बांध कुठल्या साली फुटला. कुणी म्हणे दहा वर्षं झाली, कुणी म्हणे बारा. मानशीवरच्या म्हाताऱ्याने बोटं मोजली आणि सांगितलं, कालोत्सवानंतरची अवस होती, त्या वर्षी आमच्या धाकट्याचं लग्न ठरलं होतं. सचिवांनी त्याच्या मुलाला फोन लावून लग्नाची पत्रिका शोधायला सांगितली आणि फॉर्ममधली ती चौकट तोपर्यंत कोरी ठेवली.