मासुंद्याच्या काठी तीस सेकंद

ठाण्याच्या तलावपाळीवर ट्रायपॉड उभा केला की पाच मिनिटांत कोणीतरी विचारतंच, "काका, कसलं शूटिंग?" त्यात माझ्या ट्रायपॉडवर एका पट्टीवर शेजारी शेजारी दोन कॅमेरे असतात. एक वडिलांचा जुना फिल्मचा कॅमेरा, याशिका, तिच्यात इल्फर्ड कंपनीचा एचपी-५ प्लस हा कृष्णधवल रोल. दुसरा माझा डिजिटल. दोघांचं तोंड मासुंदा तलावापलीकडच्या दिव्यांकडे आणि दोघांवर आकडे तेच: आयएसओ ४०० (उजेडाची संवेदनशीलता), एफ/१६ (लेन्सच्या छिद्राचा आकार), ३० सेकंद (शटर उघडं राहण्याचा वेळ).

त्याच दुपारी त्याच जागेवरून १/५०० सेकंदाचे फोटो काढले होते. दोन्ही कॅमेऱ्यांचे निकाल जुळले. रात्रीचे मात्र जुळले नाहीत. डिजिटलवर पाणी, कठडा, झाडांचे बुंधे सगळं होतं. रोल धुतल्यावर याशिकाच्या निगेटिव्हमध्ये दिवे तेवढे दिसले, बाकी फिल्म जवळपास कोरीच. आधी मला वाटलं शटर बिघडलं. पण बी सेटिंगवर (दाबून धरू तेवढा वेळ शटर उघडं राहतं) केबल रिलीज दाबून, घड्याळ बघून मीच सेकंद मोजले होते, शटरला दोष कसा देणार?

फोटोग्राफीचा हिशोब म्हणजे शाळेतलं व्यस्त प्रमाण. दहा मजुरांना सहा दिवस, तर पाच मजुरांना बारा. उजेड निम्मा झाला तर वेळ दुप्पट द्या, फोटो तोच. दिवसाउजेडी हे गणित चोख चालतं. फिल्मवरच्या मंद उजेडात ते कोलमडतं. कार्ल श्वार्झशिल्ड या जर्मन खगोलशास्त्रज्ञाने १८९९ च्या सुमारास व्हिएन्नाच्या वेधशाळेत ताऱ्यांची तेजस्विता फोटोंवरून मोजताना या गडबडीला सूत्रात बसवलं. पुढे ज्याने आइन्स्टाइनच्या समीकरणांची उकल केली आणि ज्याचं नाव कृष्णविवराच्या त्रिज्येला मिळालं, तोच हा माणूस. फोटोच्या प्लेटा धुणारा माणूस तिथवर पोचला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

हे होतं का, ते समजायला दहीहंडी आठवा. ठाणेकरांना ती वेगळी सांगायला नको. फिल्मवर जिलेटिनच्या थरात चांदीच्या क्षारांचे बारीक स्फटिक असतात. प्रकाशाचा एक कण स्फटिकावर आदळला की एक इलेक्ट्रॉन सुटतो आणि स्फटिकातल्या एखाद्या खोडीपाशी अडकतो. तिथे चांदीचा आयन येऊन त्याला मिळतो आणि चांदीचा एक अणू तयार होतो. पण एकटा अणू म्हणजे खांद्यावर कोणी न चढलेला पहिला थर. तो फार वेळ टिकत नाही, विस्कटून पुन्हा आयन होतो. साधारण चार अणू एका जागी जमले, तरच डेव्हलपर (फिल्म धुण्याचं रसायन) त्या स्फटिकाला ओळखतो आणि काळा करतो. दुपारी प्रकाशकण झुंडीने येतात, चार थर चुटकीसरशी लागतात. रात्री एक गोविंदा येतो, दुसऱ्याची वाट बघतो, तो यायच्या आत पहिला खाली बसलेला असतो. कण आले तेवढे आले, पण कामी आले नाहीत.

इल्फर्डने यासाठी सोपा हिशोब दिला आहे: मोजलेल्या सेकंदांचा १.३१ वा घात करा. एका सेकंदाला काहीच फरक नाही. १० सेकंदांचे २० होतात आणि माझ्या ३० सेकंदांचे चक्क ८६. पुढच्या खेपेला ८६ सेकंद दिले आणि कठडा आला, बुंधेही आले. मधेच एक होडी गेली, तिचा कंदिलासारखा दिवा पाण्यावर रेघ होऊन उमटला.

डिजिटल कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी असलेल्या सेन्सरचं तसं नाही. सिलिकॉनचा प्रत्येक पिक्सेल म्हणजे पागोळीखाली ठेवलेली बादली. पाणी धो धो पडो की थेंब थेंब, जमा तेवढंच. त्यामुळे डिजिटलवर व्यस्त प्रमाण शाबूत राहतं. त्याची पंचाईत दुसऱ्या टोकाला होते: बादली भरली की वरचं सगळं वाहून जातं. ऐरोलीच्या खाडीवर भर उन्हात बगळा टिपताना मी डिजिटलला मुद्दाम दोन स्टॉप जास्त, म्हणजे चौपट उजेड दिला. पिसांच्या जागी पांढरा कागद मिळाला. संगणकावर कितीही ओढलं तरी त्यातून एक पीस निघेना. त्याच चुकीला याशिकाने पोटात घातलं. फिल्ममध्ये स्फटिक लहानमोठे असतात. मोठे आधी संपतात, लहान हट्टी स्फटिक तीव्र उजेडासाठी शिल्लक राहतात, म्हणून पांढरा रंग एकदम फाटत नाही. निगेटिव्ह फिल्मला सावली बघून उजेड द्यावा, डिजिटलला सर्वांत उजळ जागा बघून, असं जुनेजाणते सांगतात त्यामागे हेच आहे. (स्लाइडच्या फिल्मला मात्र डिजिटलसारखंच सांभाळावं लागतं.)

बादलीतही एक खोट आहे. लेन्सला टोपी लावून, नॉइज (फोटोतले नको असलेले ठिपके) कमी करणारी सोय बंद करून ३० सेकंदांचा काळा फोटो काढा. जानेवारीच्या पहाटे गच्चीवर काढला, तो जवळपास काळाच आला. मे महिन्याच्या दुपारी तिथेच काढला, तर ठिपक्यांची रांगोळी. उष्णतेनेही सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉन सुटतात आणि दर सहा-आठ अंशांना त्यांचं प्रमाण साधारण दुप्पट होतं. मे महिना फिल्मलाही छळतो, पण धुताना. डेव्हलपरचे वेळ २० अंशांसाठी दिलेले असतात आणि आमच्या नळाला ३० अंशांचं पाणी. आता बाटल्या बर्फाच्या बादलीत बुडवून ठेवतो. बर्फ का संपला, यावर घरात एकदा चौकशी झाली आहे.

सोसायटीतल्या एका मुलीने परवा विचारलं, "काका, एवढं कशाला? माझा फोन रात्रीचा फोटो हातात धरून काढतो." खरं आहे. फोन एक लांब फोटो काढतच नाही, बरेच छोटे काढून त्यांची बेरीज करतो. बादली काही विसरत नाही म्हणून ते जमतं. मी तोच डाव याशिकावर टाकून पाहिला. शटर उघडं ठेवून लेन्ससमोर काळा पुठ्ठा धरला, तीन सेकंद बाजूला, तीन सेकंद आड, असं दहा वेळा. उजेड एकूण ३० सेकंदांचाच. रोल कालच धुतला. दिवे आलेत, कठडा पुन्हा गायब आहे.