स्क्रीनवर सगळं लाल? आधी मॉनिटरिंगच्या पीसीचा आयपी बघा

(आमच्याकडून एसएनएमपी मॉनिटरिंग, म्हणजे नेटवर्कच्या उपकरणांची लांबून विचारपूस करण्याची सोय, बसवून घेतलेल्या ग्राहकांसाठी)

रात्री लाइट जाऊन आली की सकाळी फोन ठरलेला. "साहेब, स्क्रीनवर सगळं लाल झालंय, नेटवर्क बसलं." आम्ही विचारतो, बिलं निघतायत का? "हो, ती निघतायत." मग नेटवर्क ठणठणीत आहे. फक्त मॉनिटरिंगला उत्तर मिळत नाहीये. याचं कारण बहुतेक वेळा एकच निघतं, म्हणून हे पत्रक.

मॉनिटरिंगचा पीसी दर ५ मिनिटांनी प्रत्येक स्विच (पीसी, प्रिंटरच्या वायरी एकत्र जोडणारं नेटवर्कचं उपकरण), राउटर आणि यूपीएसला विचारतो: वायर लावायचा पोर्ट चालू आहे का, डेटा किती गेला, बॅटरी किती उरली. हा प्रश्न यूडीपी नावाच्या पद्धतीने १६१ नंबर पोर्टवर जातो (हा पोर्ट वायरचा नाही, सॉफ्टवेअरमधल्या दाराचा नंबर) आणि त्याच्यासोबत परवलीचा शब्द जातो, ज्याला कम्युनिटी स्ट्रिंग म्हणतात. स्विच दोन गोष्टी तपासतो. शब्द बरोबर आहे का, आणि विचारणाऱ्याचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, आपल्या यादीत आहे का. यातलं एक जरी चुकलं तरी तो "नाही" असं कळवत नाही, गप्प बसतो. त्यामुळे बंद पडलेला स्विच आणि उत्तर न देणारा स्विच स्क्रीनवर सारखेच लाल दिसतात.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचे एक टॉवेलवाले ग्राहक आहेत. त्यांच्याकडे एका सकाळी १४ च्या १४ स्विच लाल. आम्ही हातातलं काम टाकून गेलो. मॉनिटरिंग त्यांच्या अकाउंट्सच्या पीसीवर होतं. त्या पीसीवरून स्विचला पिंग केलं, म्हणजे 'आहेस का?' एवढंच विचारलं, लगेच उत्तर आलं. काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्ट) आयपीकॉन्फिग मारलं, तर पत्ता १९२.१६८.१.५७. आम्ही लिहून दिलेला पत्ता होता १९२.१६८.१.२०. मध्यंतरी कुणीतरी प्रिंटर सापडत नाही म्हणून पीसीचं सेटिंग 'ऑटोमॅटिक' करून ठेवलं होतं. रात्री लाइट गेली, राउटर नव्याने सुरू झाला आणि त्याने पीसीला नवा पत्ता दिला. स्विचच्या यादीत मात्र २०च होता. काम पाच मिनिटांचं, पण त्यात आमची आणि त्यांची अर्धी सकाळ गेली.

तेव्हा फोन करण्याआधी एवढं बघा. एकच उपकरण लाल असेल तर त्याची वायर, त्याचा अडॅप्टर तपासा. सगळी एकदम लाल झाली तर उपकरणांना हात लावू नका. गडबड बहुधा विचारणाऱ्या पीसीकडे आहे. त्याचा आयपी आम्ही रॅकच्या दारावर चिकटवलेल्या कागदाशी ताडून बघा. वेगळा असेल तर कागदावरचा पत्ता परत टाका. स्विच रिसेट करून बघण्याचा मोह तर नकोच. रिसेटने यादी, परवलीचा शब्द, व्हीलॅन (नेटवर्कचे पाडलेले भाग) सगळंच पुसलं जातं आणि मग खरोखरच बिलं थांबतात.

इंटरनेटवाला राउटर बदलायला आला तर आम्हाला आधी एक फोन करा. पीसीसाठी राउटरमध्ये पत्ता राखून ठेवलेला असेल, तर तो जुन्या राउटरसोबत निघून जातो.

काही जण म्हणतात, ही यादीच काढून टाका, कटकट मिटेल. आम्ही काढत नाही. बऱ्याच उपकरणांत परवलीचा शब्द कंपनीतूनच 'पब्लिक' असा येतो आणि तो सगळ्या जगाला माहीत आहे. शिवाय एसएनएमपीच्या व्ही-टू-सी आवृत्तीत आपण ठेवलेला शब्दही उघडाच जातो, मधे बसून ऐकणाऱ्याला तो वाचता येतो. म्हणून आम्ही शब्द बदलतो, परवानगी फक्त वाचण्याची ठेवतो आणि एकाच आयपीला उत्तर द्यायला सांगतो. जिथे उपकरण साथ देतं तिथे व्ही-थ्री लावतो, त्यात पासवर्डही असतो आणि मजकूर सांकेतिक करून जातो. सेटिंगला वेळ थोडा जास्त लागतो, म्हणून त्याचा दर थोडा जास्त आहे.

ग्राफबद्दलही विचारणा होते. जुन्या स्विचमधला डेटा मोजणारा आकडा ३२ बिटांचा असतो, तो सुमारे ४.२९ अब्ज बाइटला भरून पुन्हा शून्यावर येतो. १०० एमबीपीएसची लाइन पूर्ण वाहत असेल तर याला सहा मिनिटंही लागत नाहीत, गिगाबिटवर जेमतेम ३४ सेकंद. दर ५ मिनिटांनी विचारणाऱ्याला मधल्या फेऱ्या कळणारच नाहीत आणि ग्राफ खोटा पडेल. म्हणून आम्ही ६४ बिटांचा आकडा वाचतो. फक्त व्ही-वन समजणाऱ्या स्विचमधून तो मिळत नाही. तुमच्याकडे असा एखादा राहिला असेल तर बदलायच्या यादीत त्याला वर ठेवा. जुना स्विच आम्ही बघून किंमत धरतो.

आणि अकाउंट्सच्या पीसीवर मॉनिटरिंग ठेवणं आता थांबवू या. संध्याकाळी तो पीसी बंद होतो, म्हणजे रात्रभराची नोंदच नाही. मे महिन्यात लूमच्या शेडमधली रॅक रात्रीसुद्धा तापलेली असते आणि टॉवेलचा बारीक कापूस स्विचच्या पंख्यात बसतो. ज्या स्विचमध्ये तापमानाचा सेन्सर आहे, तिथे हे आकड्यांत आधी दिसतं. यूपीएसवर चालणारी एक छोटी स्वतंत्र पेटी आम्ही बसवून देतो, पक्क्या आयपीसकट. वार्षिक करार असलेल्यांना तिची जोडणी मोफत आहे.

फोन लावाल तेव्हा पीसीसमोर बसून लावा. आमचा पहिला प्रश्न असेल, आयपी किती दिसतोय?