मारिओचं ‘गेम ओव्हर’ म्हणजे पुन्हा पहिल्यापासून?

सुट्टीत शहापूरच्या घरी टीव्हीला मारिओचा व्हिडिओ गेम जोडला की आमच्या दादाचा नियम ठरलेला: मारिओची तिन्ही लाइफ संपली, काळ्या पडद्यावर ‘गेम ओव्हर’ आलं, की मशीन बंद करून कॅसेट काढायची, फुंकायची, पुन्हा १-१ पासून, म्हणजे पहिल्या जगाच्या पहिल्या टप्प्यापासून. बेळगाव काय, निपाणी काय, सगळीकडे हेच ऐकलंय. ते चूक आहे.

१९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये गेम ओव्हरनंतर खेळाचं नाव असलेला सुरुवातीचा पडदा येतो. तिथं ए बटण दाबून धरायचं आणि स्टार्ट दाबायचं. ४-३ ला मेला असाल तर ४-१ पासून खेळ सुरू! पडद्यावर हे कुठंच लिहिलेलं नाही, म्हणून तर गैरसमज टिकला. अट एकच, मशीन बंद करायचं नाही; ही नोंद तात्पुरत्या मेमरीत असते. म्हणजे दादाच आपल्या हातानं ती पुसत होता की!

१९८८ च्या तिसऱ्या भागात ‘कंटिन्यू’ की ‘एंड’ असं सरळ विचारलं जातं. आणि २०१७ च्या ‘सुपर मारिओ ओडिसी’त तर लाइफच नाहीत. मेलात की दहा नाणी जातात, बस्स.