नववी ते बारावीसाठी शैक्षणिक पालकत्व : अर्ज कोणी, कधी आणि कसा करायचा

आठवीपर्यंत शाळेचा खर्च फारसा अंगावर येत नाही. शिक्षण हक्क कायदा 6 ते 14 वयाच्या मुलांना लागू आहे, पुस्तकं शाळेतून मिळतात, दुपारचं जेवण शाळेत होतं. नववीत गेलं की हा आधार एकदम तुटतो. अनुदानित शाळेत फीचा बोजा मोठा नसतो, पण पुस्तकं, वह्या, गणवेश, दहावीची बोर्डाची फी हे सगळं घरच्यांनाच बघावं लागतं. सातारा जिल्ह्यातल्या माण-खटाव तालुक्यांच्या वाड्यावस्त्यांवरून दहिवडीला किंवा वडूजला येणाऱ्या कितीतरी पोरांची शाळा नापास झाल्यामुळे नव्हे, तर या खर्चापायी सुटते.

नेमका हाच खर्च उचलायला काही सेवाभावी संस्था पुढे येतात. एक दाता एका विद्यार्थ्याचा दहावी किंवा बारावीपर्यंतचा खर्च घेतो, यालाच शैक्षणिक पालकत्व म्हणतात. सातारा जिल्ह्याला हे नवं नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू केलं. तिथली मुलं उपाशी राहू नयेत म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रसुद्धा मोडलं. त्यामुळे मदत मागताना कुणीही मान खाली घालू नये.

पात्रता. प्रत्येक संस्थेचे नियम वेगळे असतात, पण बघितलं जातं ते साधारण सारखंच. वडील किंवा आई हयात नाही, आई एकटी घर चालवते, घरात दीर्घ आजार किंवा अपंगत्व आहे, आई-वडील ऊसतोडीला किंवा मेंढरं घेऊन बाहेर जातात, शेतमजुरीवर घर चालतं, अशा घरांचा विचार आधी होतो. मूल सरकारी, जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेत असावं, अशी अट बऱ्याच ठिकाणी असते. गुणांची अटही असते, पण तिला घाबरून मागे राहू नका. सकाळी पाणी भरून, सुट्टीच्या दिवशी खुरपायला जाऊन 58 टक्के मिळवणारी मुलगी ही माझ्या मते पहिला हक्क असलेली अर्जदार आहे, आणि चांगल्या संस्थेलाही ते कळतं. शिक्षकांनी फक्त पहिल्या तीन नंबरांची नावं पाठवू नयेत, ही कळकळीची विनंती.

वेळ. अर्ज बहुधा जूनमध्ये शाळा सुरू होण्याच्या आसपास मागवतात, पण तयारी एप्रिल-मे मध्ये करा. कारण उत्पन्नाचा दाखला. तहसीलदारांचा एक वर्षाचा दाखला 31 मार्चपर्यंतच चालतो. फेब्रुवारीत काढून ठेवला तर जूनमध्ये त्याचा काही उपयोग नाही. शिवाय ऊसतोडीची घरं दिवाळीच्या सुमाराला बाहेर पडतात आणि हंगाम संपल्यावर परत येतात. सह्या, अंगठे, बँकेची कामं वडील गावात असतानाच उरकलेली बरी.

कागदपत्रं. दाखल्यासाठी आधी तलाठ्याकडून उत्पन्नाचा अहवाल घ्यायचा, मग रेशनकार्ड, आधार, फोटो आणि स्वयंघोषणापत्र घेऊन सेतू केंद्रात किंवा आपले सरकार केंद्रात अर्ज भरायचा. पोचपावती जपून ठेवा. दाखला हातात आला नसेल तर काही संस्था पोचपावतीवरही अर्ज घेतात. उत्पन्न आहे तेवढंच लिहा. काही जण भीतीपोटी शून्य लिहितात, आणि गृहभेटीत ते लगेच उघडं पडतं.

शाळेकडून बोनाफाईड आणि मागच्या वर्षाचं गुणपत्रक लागतं. पालक हयात नसल्यास ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा मृत्यूचा दाखला लागतो. पतीने सोडून दिलेल्या आईकडे बहुतेक वेळा कुठलाच कागद नसतो. तिथे तिचं स्वतःच्या सहीचं निवेदन आणि सरपंचांचं किंवा मुख्याध्यापकांचं पत्र जोडा आणि परिस्थिती स्पष्ट लिहा.

सगळ्यात जास्त अर्ज अडतात ते नावावर. आधारवर «वैष्णवी», शाळेच्या जनरल रजिस्टरला «वैशनवी», पासबुकावर वडिलांचं नावच नाही, असं हमखास आढळतं. आधी रजिस्टर बघा, मग आधार त्याप्रमाणे दुरुस्त करा. चूक रजिस्टरमध्येच असेल तर मुख्याध्यापकांना लगेच भेटा, कारण दहावीच्या प्रमाणपत्रावर एकदा चुकीचं नाव छापलं गेलं की दुरुस्तीला फार त्रास होतो. खातं मुलाच्या नावावर उघडा आणि आधारशी जोडून घ्या. सरकारी शिष्यवृत्तीलाही तेच उपयोगी पडतं.

पत्र आणि गृहभेट. बऱ्याच अर्जांसोबत मुलाने स्वतः लिहिलेलं पत्र मागतात. ते सरांनी सांगून लिहून घेऊ नये. «मी गरीब व होतकरू विद्यार्थी आहे» या वाक्यातून काही कळत नाही. «घरापासून शाळा सहा किलोमीटर, संध्याकाळची एसटी चुकली की चालत यावं लागतं, मग अभ्यास राहतो» यातून सगळं कळतं, आणि सायकल द्यायची की पुस्तकं, हेही ठरवता येतं. गृहभेटीला कार्यकर्ते आले तर घर आवरून, पाहुणचार करून दमू नका. मूल कुठे बसून अभ्यास करतं, वीज आहे का, लहान भावंडं कोण सांभाळतं, एवढंच त्यांना बघायचं असतं.

खातरजमा तुम्हीही करा. संस्था धर्मादाय आयुक्त कार्यालयाकडे नोंदलेली आहे का, नोंदणी क्रमांक काय, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. फॉर्मचे, «प्रोसेसिंग»चे पैसे कुणी मागितले तर तिथेच थांबा. मुलाचा फोटो दात्याला पाठवणार की फेसबुकवर टाकणार, हे विचारून मगच संमतीवर सही करा. मदत घेणाऱ्या मुलीचं नाव गावभर व्हायलाच हवं, असं काही नाही.

सरकारी योजना सोडू नका. आठवीतच एनएमएमएस या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्ती परीक्षेला बसवा. पालकांचं वार्षिक उत्पन्न 3 लाख 50 हजारांपर्यंत आणि सातवीला 55 टक्के गुण (अनुसूचित जाती-जमातीला 50) ही अट आहे. निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला 12 हजार रुपये मिळतात. परीक्षा पास झाली पण निवड यादीत नाव आलं नाही, अशा मराठा-कुणबी विद्यार्थ्यांसाठी सारथी या राज्य सरकारच्या संस्थेची वर्षाला 9,600 रुपयांची शिष्यवृत्ती आहे. मुलींना एसटीचा पास बारावीपर्यंत मोफत आहे. यातलं काही मिळत असेल तर संस्थेच्या अर्जात तसं लिहा. उरलेल्या खर्चासाठीही संस्था मदत करू शकते.

संस्थेकडून निवड झाली तर दर वर्षी निकाल आणि खर्चाच्या पावत्या द्याव्या लागतात, म्हणून पुस्तकांच्या दुकानातून बिल मागून घ्या. निवड नाही झाली, आणि मुलाचे आई-वडील किंवा दोघांपैकी एक हयात नसेल, तर अशा मुलांना आर्थिक मदत देणाऱ्या सरकारी बालसंगोपन योजनेसाठी जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात अर्ज करा. वर सांगितलेली बहुतेक कागदपत्रं तिथेही लागतात. तेव्हा सगळ्यांच्या दोन-दोन झेरॉक्स आधीच काढून ठेवा.