समस्थानिके

अणुअंक (प्रोटॉनांची संख्या) एकच, पण अणुवस्तुमानांक (प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांची एकूण संख्या) वेगवेगळा असलेले अणू म्हणजे एकाच मूलद्रव्याची समस्थानिके. केंद्रकातले प्रोटॉन तेवढेच, न्यूट्रॉन तेवढे कमी-जास्त. रासायनिक गुणधर्म इलेक्ट्रॉनांवर ठरतात आणि त्यांची संख्या बदलत नाही, म्हणून अभिक्रियांमध्ये ही भावंडे जवळजवळ सारखीच वागतात. (मराठीतला ‘अणू’ हिंदीत ‘परमाणु’ होतो आणि हिंदीतला ‘अणु’ म्हणजे आपला रेणू. हिंदी मजकुरावरून गृहपाठ उतरवणारे इथे हमखास फसतात.)

ही संकल्पना फ्रेडरिक सॉडी यांनी १९१३ मध्ये मांडली. ‘आयसोटोप’ हे नाव सुचवले डॉक्टर आणि लेखिका मार्गारेट टॉड यांनी. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ ‘तीच जागा’, म्हणजे आवर्तसारणीतले तेच घर. न्यूट्रॉन सापडला १९३२ मध्ये. भेद कशामुळे पडतो हे कळायच्या १९ वर्षे आधीच बारसे उरकले होते.

शालेय प्रश्नांत नेहमी भेटणारे उदाहरण क्लोरीनचे. त्याचे अणुवस्तुमान ३५.५ दिलेले असते आणि मुले १७ प्रोटॉन वजा करून साडेअठरा न्यूट्रॉन लिहून मोकळी होतात. अर्धा न्यूट्रॉन नसतो. ३५.५ वस्तुमानाचा क्लोरीनचा एकही अणू निसर्गात नाही; दर चार अणूंमागे साधारण तीन ३५ चे आणि एक ३७ चा, त्यांची ही सरासरी: (३५ × ७५ + ३७ × २५) ÷ १०० = ३५.५. न्यूट्रॉन मोजायचे ते एकेका समस्थानिकाचे, १८ किंवा २०.

भौतिक गुणधर्म मात्र बदलतात. साध्या हायड्रोजनच्या जागी ड्यूटेरियम हे त्याचेच जड समस्थानिक असलेल्या जड पाण्याचा बर्फ साध्या पाण्यात टाकला तर तरंगत नाही, तळाला जातो. हे जड पाणी रायगड जिल्ह्यात थळ येथे तयार होते.

काही समस्थानिके अस्थिर, किरणोत्सारी असतात. कार्बन-१४ चा अर्धायुकाल, म्हणजे त्याचे निम्मे अणू विघटित व्हायला लागणारा काळ, सुमारे ५,७३० वर्षे. इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीचा काळ त्याच्याच आधारे ठरला. कोबाल्ट-६० चे गॅमा किरण कर्करोगावरील उपचारांत वापरतात, तसेच लासलगावच्या विकिरण केंद्रात कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणूनही. कांदा त्यामुळे किरणोत्सारी होत नाही. कोबाल्टचा अर्धायुकाल मात्र जेमतेम सव्वापाच वर्षांचा, त्यामुळे अशा केंद्रांत नवा कोबाल्ट अधूनमधून भरावाच लागतो.