ग्रुप वाढवून हवा असेल तर आधी हे वाचा

"महिन्यात दहा हजार मेंबर करून द्याल का?" आम्हाला येणारा जवळपास प्रत्येक फोन असाच सुरू होतो. नाही देणार. देणारा कोणी भेटलाच, तर मेंबर कुठून आणतोस एवढं त्याला विचारून बघा.

आमचं काम एकाच विषयाचे छोटे ऑनलाइन ग्रुप उभारून देण्याचं आणि सांभाळण्याचं: गच्चीवरची बाग, सायकलिंग, गडकिल्ले, हातमागाच्या साड्या. यात सगळ्यात जास्त वेळ एकाच चुकीपायी जातो. मालक उत्साहाच्या भरात पहिल्याच दिवशी फोनमधले सगळे नंबर ग्रुपमध्ये टाकतात. दुकानातली गिऱ्हाइकं, सोसायटीवाले, मेहुण्याचे मित्र, सगळे. मग बागेच्या ग्रुपचं काय होतं? कोणीतरी जास्वंदीच्या फोटोसकट विचारतं, देठावर हे कापसासारखं काय आलंय? उत्तर यायच्या आत तीन 'सुप्रभात', कोथरूडला एक वन बीएचके भाड्याने आणि वर राजकारणावरून जुंपलेली. "पिठ्या ढेकूण आहे, कडुनिंबाचं तेल साबणाच्या पाण्यात मिसळून फवारा," हे सांगू शकणाऱ्या काकू तो फोटो शोधत बसत नाहीत. ग्रुप म्यूट करतात. जाणकार माणूस भांडून जात नाही, नुसता गप्प होतो, आणि मेंबरांच्या आकड्यात ते दिसतही नाही. असा ग्रुप निस्तरायला नवा उभारण्यापेक्षा जास्त वेळ लागतो, बिलही जास्त होतं. शिवाय न विचारता भरलेले लोक रिपोर्ट करतात आणि व्हॉट्सॲप नंबरच बंद करू शकतं. तोच धंद्याचा नंबर असला तर झालंच.

म्हणून आम्ही सुरुवातीला तीस-चाळीसच माणसं घेतो, तीही विचारून. "एवढ्याशा कामाचे पैसे कसले?" हे ऐकायची सवय झाली आहे. पैसे माणसं निवडण्याचे, आणि रोज कुणाचा प्रश्न उत्तराविना राहिला यावर लक्ष ठेवण्याचे.

आता ग्रुप मोठा करायला गुंतवणूकदाराचे पैसे घ्यावेत का, त्याचं. व्हेंचर फंडाला, म्हणजे नव्या कंपन्यांत इतरांचे पैसे लावणाऱ्या फंडाला, साधारण दहा वर्षांत पैसे परत करायचे असतात, तेही कित्येक पटींनी, कारण निम्म्याहून जास्त कंपन्या बुडणार हे त्यांनी धरलेलंच असतं. गुण्यागोविंदाने चाललेला पाच हजारांचा ग्रुप त्या हिशेबात बसत नाही. मोठं व्हायचं, नाहीतर विकायचं किंवा गुंडाळायचं. पुस्तकं वाचणाऱ्यांचं गुडरीड्स २०१३ मध्ये ॲमेझॉनला विकलं गेलं. आपल्याकडचं ट्विटरसारखं कू २०२० मध्ये आलं आणि भरपूर भांडवल असूनही जुलै २०२४ मध्ये बंद पडलं. उलट विणकामवाल्यांचं रॅव्हेलरी २००७ पासून व्हेंचरच्या पैशाशिवाय चालू आहे. जाहिराती येतात त्या लोकर आणि नमुने विकणाऱ्यांच्या, म्हणजे मेंबरांना हव्याच असलेल्या. आपली मराठी माणसांची मायबोली ही वेबसाइट तर १९९६ पासून आहे. स्वतःचं ॲप, नकाशे, चोवीस तास सर्व्हर असा धावणाऱ्या-सायकलवाल्यांच्या स्ट्राव्हा ॲपसारखा पसारा मांडायचा असेल, तर मात्र खिशातून भागणार नाही. त्यांनीही गुंतवणूकदार घेतलेच. अशा वेळी आम्ही तुम्हाला स्पष्ट सांगू की हे आमच्या आवाक्यातलं काम नाही.

भेटायला येताना मेंबरांची यादी आणू नका. गेल्या आठवड्यात ग्रुपवर आलेले प्रश्न आणि त्यांना कोणी उत्तर दिलं, एवढं लिहून आणा. पहिल्या भेटीचे पैसे घेत नाही. पुढचं काम महिन्याच्या ठरलेल्या दराने, मेंबरामागे नाही.